छत्रीच्या पुस्तकातला माणूस

पार्सल आलं तेव्हा मी भांडी घासत होतो. पोस्टमनने तिच्या नावाने हाक मारली. मी म्हटलं, ती नाही. "मग संध्याकाळी येऊ?" तो म्हणाला. मी म्हटलं, संध्याकाळीही नाही. त्याला उमगायला जरा वेळ लागला. मग त्याने पार्सल माझ्या ओल्या हातात ठेवलं आणि सही न घेताच जिना उतरून गेला.

माझी बायको लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढायची. मी बसमध्ये तिकिटं तपासायचो. "आमच्या घरात एकाला मुलं दिसतात आणि एकाला चोर," असं ती आल्यागेल्याला सांगायची. ती जाऊन वर्ष होत आलं. ती गेली आणि पाठोपाठ मी निवृत्त झालो. तिची पुस्तकं अजून येतात, कारण काम करून दिलं तरी छापून यायला फार वेळ लागतो.

पार्सलात छत्रीचं पुस्तक होतं. तिच्या पुस्तकांतलं सगळ्यात जास्त चाललेलं. गोष्ट एवढीशीच. एक लहान मुलगी आजीची मोडकी छत्री घेऊन एकटी निघते. गल्ली, बाजार, पूल, आणि पुलापलीकडे छत्रीवाल्याचं दुकान. छत्री दुरुस्त होते, मुलगी घरी परत येते. संपलं.

गोष्ट खरी आहे. ती मुलगी म्हणजे आमची ठकी. ठकी सहा वर्षांची असताना हिने तिला छत्री देऊन पुलापलीकडे धाडली होती. मी त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. रस्त्यावर कसली कसली माणसं असतात ते मी रोज बघत होतो. ही म्हणाली, "तुम्हाला सगळं जगच विनातिकीट वाटतं. पोरगी जाईल आणि येईल." पोरगी गेली आणि आली. मी तोंडघशी पडलो. पुढे त्याचं पुस्तक झालं.

ठकी आता जमीन मोजणीच्या खात्यात आहे. यंत्र खांद्यावर टाकून अनोळखी माळांवर, डोंगरांवर एकटी फिरते. आईच्या शोकसभेत ती थोडंच बोलली. "आईने मला एकटीला जाऊ दिलं. अजूनही कुठे भीती वाटली की मी तो पूल आठवते. तेवढ्यावर माझं चाललंय."

हे पुस्तक बऱ्याच देशांत गेलं, आणि प्रत्येक देशाला त्यातली मुलगी जराशी वेगळी हवी असायची. मला आधी वाटायचं, मूल म्हणजे मूल, त्यात काय बदलायचं? पण एका देशाने कळवलं, तिच्या पायात काहीतरी घाला, आमच्याकडे अनवाणी मूल म्हणजे आईबापांनी टाकलेलं मूल. दुसऱ्याने कळवलं, ती छत्रीवाल्याकडे रागाने बघते ते काढा, मोठ्यांकडे असं बघत नाहीत. तिसऱ्यांना तिचा राग फार आवडला, पण ती आजीच्या कुशीत झोपलेली आवडली नाही. तिला वेगळी खोली द्या म्हणाले. ती वेगळ्या खोलीतली मुलगी बघून आणखी कुणाला तिची दया आली. एकांनी गाल गुबगुबीत करून मागितले. एकांनी गुडघ्यावरचं खरचटलेलं पुसून मागितलं. ही खिडकीजवळच्या टेबलापाशी बसून बदल करून द्यायची आणि त्या देशांना नावं ठेवायची. चपलावाले. गालवाले. वेगळ्या खोलीवाले. "शेंबूड मात्र कुणालाच नको," ती म्हणायची. "जगात एवढ्या एका गोष्टीवर एकमत आहे."

हे नवं पुस्तक कुठल्या देशाचं ते मला कळेना. अक्षरं ओळखीची नव्हती. उघडत होतं तेही आपल्या हिशोबाने मागच्या बाजूने. मुलगीसुद्धा नेहमीच्या उलट्या दिशेला चालली होती. कुणीतरी तसं मागितलं असेल, असं म्हणून मी पानं उलटली.

आणि मला तो माणूस दिसला.

गल्लीच्या तोंडाशी एक किडकिडीत माणूस उभा होता. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, हातात चहाचा कप. आमच्या घरी असलेल्या पुस्तकात तिथे नुसती भिंत आहे. पुढच्या पानावर, बाजारात, तोच माणूस टोपल्यांच्या आडून डोकावत होता. पुलावर तो कप घेऊन कठड्याला टेकून उभा होता. छत्रीवाल्याच्या दुकानासमोर वाकून बुटाची नाडी बांधत होता. प्रत्येक पानावर तो होता, आणि प्रत्येक पानावर त्याची नजर त्या पोरीवर होती. चेहरा नखाएवढा, पण ती नजर हिने अशी काढली होती की मला बघवेना. कुणावर जीव असल्याशिवाय माणूस असं बघत नाही, आणि कुणावर जीव असल्याशिवाय असा माणूस काढताही येत नाही.

कप त्याच्या डाव्या हातात होता. नाडी ओढणारा हात डावा. बाजारात टोपलीवालीला पैसे देणारा हातही डावा.

माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या इमारतीत डावखुरा माणूस एकच आहे. तळमजल्यावरचा सुतार.

सुताराची आणि माझी तीस-पस्तीस वर्षांची ओळख. हिचं तिरक्या फळीचं टेबल त्यानेच केलेलं. त्याने लग्न केलं नाही. हिला वहिनी म्हणायचा. ही आजारी पडली तेव्हा माझ्या रजा संपल्या होत्या, म्हणून मीच त्याला घराची किल्ली दिली आणि सांगितलं, दुपारचं जरा वर डोकावत जा. तो रोज डोकावायचा. मी घरी आलो की ही म्हणायची, "भाऊ येऊन गेले." बाकी काही नाही. त्या दिवसांत ती चित्रं काढत होती हे मला माहीत होतं. काय काढते ते काम पुरं झाल्याशिवाय ती कधीच दाखवायची नाही, आणि पुढे दाखवायला ती उरलीच नाही.

नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो खिडकीबाहेर बघतो. त्या आठवड्यात सुतार दोनदा भेटला आणि दोन्ही वेळा माझ्याकडे न बघता बोलला. खरं म्हणजे त्याच्या हातात करवत होती आणि तो करवतीकडे बघत होता. पण मला ते तेव्हा पटलं नाही.

शेवटी मी त्याच्या दुकानात गेलो.

"या चेकरसाहेब," तो म्हणाला. "आज खाली कसे? वरचे प्रवासी संपले?"

"तुम्ही दुपारी वर यायचात," मी म्हटलं. "ती आजारी असताना."

"यायचो की. किल्ली तुम्हीच दिली होती."

"काय करायचात वर?"

रंधा थांबला. "चहा करायचो. उशी वर सरकवायचो. कधी खिडकी उघडा म्हणाल्या तर उघडायचो, बंद करा म्हणाल्या तर बंद करायचो. बसमध्ये पण लोकांना असंच विचारायचात?"

"बसमध्ये लोकांकडे तिकीट असतं."

"आणि माझ्याकडे नाही, असं?"

त्याने रंधा खाली ठेवला, अंगावरचा भुसा झटकला. "काय विचारायचंय ते सरळ विचारा. आडून आडून नको."

सरळ विचारलं असतं तर सरळ उत्तर आलं असतं. त्याचीच मला धास्ती होती. मी म्हटलं, "किल्ली द्या. आता तिचं काही काम नाही."

त्याने खिळ्यावरची किल्ली काढून फळीवर ठेवली. डाव्या हाताने. "वहिनी असत्या तर तुम्हाला चांगलं झापलं असतं," तो म्हणाला.

"वहिनी नाहीत," मी म्हटलं आणि वर आलो.

त्यानंतर मला घरात चैन पडेना. तिच्या टेबलाकडे बघितलं की वाटायचं, हे कुणी केलं? खुर्चीकडे बघितलं तर, इथे दुपारी कोण बसायचं? ती गेल्याचं दुःख निदान माझं तरी होतं. आता त्यातही दुसरं कुणी वाटेकरी निघतंय असं वाटायला लागलं. मेलेल्या माणसाला काही विचारता येत नाही. म्हणून जिवंत माणसाला विचारायला मी प्रकाशकाच्या ऑफिसात गेलो.

तिथल्या संपादकबाई मला ओळखत होत्या. हिला मावशी म्हणायच्या, म्हणून मी काका. त्यांच्या मागच्या फळीवर निरनिराळ्या देशांची छत्रीची पुस्तकं ओळीने लावलेली होती. एकीकडे चपला घातलेली, एकीकडे गुबगुबीत, एकीकडे खाली मान घातलेली. एकच पोरगी चार घरी दत्तक दिल्यासारखी दिसत होती.

मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. "हे कुणाचं?"

"हे सोबतवाले," त्या हसून म्हणाल्या. "मावशींनी ठेवलेलं नाव. त्यांच्याकडे एवढंसं मूल रस्त्यावर एकटं दाखवलं की आईबाप पुस्तक घेत नाहीत. ते म्हणाले, हात धरू नका, पण प्रत्येक पानावर कुणीतरी मोठं माणूस लक्ष ठेवून असू दे. मला वाटलं, मावशी चिडणार. ती एकटी जाते हाच तर गोष्टीचा जीव. पण त्या म्हणाल्या, 'चालेल. हे लोक शहाणे दिसतात.'"

शहाणे? एकटी पाठवायला निघालेली माझी बायको, सोबत मागणाऱ्यांना शहाणे म्हणाली? मला ते आणखीच खटकलं.

"हा माणूस कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? रस्त्यावरचा कुणीतरी."

"मग डावखुरा का?"

त्यांनी चित्र जवळ घेऊन बघितलं आणि एकदम हसल्या. "डावखुरा नाही हो काका. त्यांची लिपी उजवीकडून डावीकडे जाते. पुस्तकही त्या बाजूने उघडतं. म्हणून चित्रंही उलटी करून छापतात, नाहीतर मुलगी घरातून निघायच्या ऐवजी घरात शिरताना दिसेल. थांबा, दाखवते."

त्यांनी मोठ्या खणातून हिने काढलेलं मूळ चित्र बाहेर काढलं. पुलाचं. कोपऱ्यात हिने रंग बघायला मारलेले ब्रशचे फटकारे होते, तसे ती आमच्या वर्तमानपत्रावरही मारायची. चित्रातला माणूस कठड्याला टेकला होता, आणि कप त्याच्या उजव्या हातात होता. बाईंनी कागद पालथा करून खिडकीच्या काचेला लावला. उजेडात माणूस फिरला, मुलगी फिरली, पूल फिरला, आणि पुस्तकातलं चित्र जसंच्या तसं दिसायला लागलं.

"पटलं?" त्या म्हणाल्या. "पाणी देऊ का काका? बरं वाटत नाही का?"

मला फार बरं वाटत होतं. मी जिना उतरलो तो जवळजवळ धावतच. माणूस उजवा होता. म्हणजे सुतार नव्हता. म्हणजे रस्त्यावरचा कुणीतरी. अशा कुणीतरीबद्दल माझी काही तक्रार नव्हती.

मी तडक सुताराकडे गेलो. त्याच्यासमोर किल्ली ठेवली. "भाऊ, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

मी सगळं सांगितलं. माणूस, नजर, डावा हात, माझ्या डोक्यात आलेलं सगळं. सांगताना माझे कान तापले. शेवटी पुस्तक त्याच्यापुढे धरून म्हटलं, "पण तो तुम्ही नाही. मी ऑफिसात जाऊन खात्री करून आलो. ते लोक चित्र उलटं छापतात. मूळ माणूस उजवा आहे."

त्याने हात पुसले. एकेक पान उलटत सगळं पुस्तक बघितलं. पुलाच्या पानावर बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "मीच आहे हा."

मी स्टुलावर बसलो.

"वहिनींनी मला खिडकीपाशी उभं करून काढलं," तो म्हणाला. "मी कप डाव्या हातात धरला तर म्हणाल्या, भाऊ, उजव्या हातात धरा, हे लोक उलटं छापणार आहेत, छापून आल्यावर तुम्ही आपोआप डावे व्हाल. उजव्या हाताने धरताना सगळा चहा अंगावर सांडला माझ्या. त्या इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली."

"पण तुम्हीच का?" मी विचारलं. "काढायला दुसरं कुणी नव्हतं?"

"दुसरं कुणी तिथे नव्हतं."

"दुपारी?"

"दुपारी नाही हो. पुलावर."

मला काहीच कळेना. त्याने दुसरं स्टूल ओढलं.

"ठकी छत्री घेऊन निघाली ना, तेव्हा वहिनी मागच्या जिन्याने खाली आल्या. पायात चप्पल नाही. तोंड पांढरंफटक. म्हणाल्या, भाऊ, तिच्या मागे जा, पण तिला दिसू नका. आणि ह्यांना कळू देऊ नका. तुम्ही वर आरडाओरडा करत होतात, इथपर्यंत ऐकू येत होता. मी हातातलं टाकलं आणि गेलो. पोरगी पुलावर एकदा थांबली आणि मागे वळली. मी बसलो नाडी बांधायला. माझ्या बुटाला नाडी नव्हती. नुसते हात हलवले."

"ती रडत होती? ठकी?"

"ठकी कसली रडते? रडत वहिनी होत्या. मी परत आलो तेव्हा इथेच बसल्या होत्या, या भुशात. नंतर तोंड धुतलं, वर गेल्या, आणि तुम्हाला म्हणाल्या असतील, बघा, आली की नाही?"

अगदी तेच शब्द होते.

"एवढी वर्षं मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

मी विचार केला. "बघ, मी म्हणत नव्हतो?"

"एकदाच?"

"रोज," मी म्हटलं.

तो हसला. मीही हसलो. मग मला हसता येईना. शंकेचा काटा निघाला होता, पण तो होता तिथे दुसरंच काहीतरी दुखायला लागलं. त्या दिवशी आम्ही दोघं एकाच स्वयंपाकघरात उभे होतो. दोघांच्याही पोटात तोच गोळा होता. मी माझा ओरडून दाखवला आणि तिने तिचा लपवून खाली नेला, सुताराकडे. माझ्याकडे आणला नाही. तसं ते बरोबरच होतं. माझ्याकडे आणला असता तर ठकी पुलावर गेलीच नसती.

"त्या एकाच दिवशी गेलात?" मी विचारलं.

"मग शाळा सुरू झाली तेव्हा काही दिवस. मग पोहायला जायची तेव्हा. एकदा तिला संशय आला, तर मी बायकांच्या कपड्यांच्या दुकानात शिरलो. तिथल्या बाईने काही विकत घेतल्याशिवाय सोडलं नाही. दोन ओढण्या घ्याव्या लागल्या. घरात ना बहीण ना बायको." तो पुस्तक मिटून माझ्याकडे सरकवत म्हणाला, "ठकीला सांगणार?"

"ती माझी मुलगी आहे. मी तिला कधी खोटं सांगितलेलं नाही."

"मग सांगा," तो म्हणाला आणि रंध्याकडे वळला.

ठकी रविवारी आली. दुसऱ्या दिवशी ती नव्या कामावर निघायची होती. कुठल्याशा डोंगराळ भागात, पाऊस यायच्या आत मोजणी संपवायची. बरोबरचा माणूस आजारी पडला म्हणून एकटीच जाणार होती. जेवताना मी तिला नेहमीचे प्रश्न विचारले. राहणार कुठे, फोन लागतो का, गाडी बंद पडली तर? तिने नेहमीसारखं उत्तर दिलं, "बाबा, मी सहा वर्षांची असताना पूल ओलांडलाय." मी मान खाली घालून जेवत राहिलो.

हात धुऊन ती टेबलाकडे गेली आणि तिला पुस्तक दिसलं. "अय्या, आईचं नवीन? आणि मला सांगितलं नाहीत?" ती उभ्या उभ्या पानं उलटायला लागली. मग खुर्ची ओढून बसली.

"बाबा, हा कोण?"

माझं उत्तर तयार होतं. सकाळपासून मी ते मनात घोळवत होतो. ठकी, त्या दिवशी तू एकटी नव्हतीस. वाक्य काही फार मोठं नाही. मी तिच्याकडे बघितलं. तिचं बोट पुलाच्या चित्रावर होतं, आणि उन्हाने रापलेल्या त्या हातावर काट्याकुट्यांचे ओरखडे होते. दाराशी तिची उद्याची पिशवी भरून ठेवलेली होती.

"सोबतवाल्यांचा माणूस आहे," मी म्हटलं. "त्यांच्याकडे लहान मुलाला एकटं दाखवलेलं चालत नाही. म्हणून आईला घालावा लागला."

"बिचारी तिथली मुलं," ठकी म्हणाली. तिने पान उलटलं, परत मागे घेतलं. "हा सुतारकाकांसारखा दिसतो. डावखुरा पण आहे बघा."

"डावखुरा नाही. उलटं छापलंय ते." मी उठून दाढीचा आरसा आणला आणि चित्रासमोर धरला. आरशातल्या माणसाने कप उजव्या हातात घेतला. "हे बघ. मूळ चित्र असं आहे. मी ऑफिसात जाऊन स्वतः बघून आलोय."

तिने आरशात बघितलं, मग पानावर बघितलं, मग परत आरशात. तिचं कामच असं आहे. दोन्हीकडून मोजल्याशिवाय ती हद्द मान्य करत नाही. "हं," ती म्हणाली.

त्या "हं" मध्ये काय होतं ते तिच्या तोंडाकडे बघितलं असतं तर मला कळलं असतं. जन्मभर बसमध्ये मी तेच केलं होतं. पण मी बघितलं नाही. चहा टाकतो म्हणून आत गेलो. बाहेर पानं उलटल्याचा आवाज येत होता. मग थांबला. मग एकेक पान मागे उलटल्याचा यायला लागला. चहा उकळून खाली बसला तरी मी बाहेर गेलो नाही.